चोक बंद होता

कॅनडातल्या केंब्रिजमधल्या त्या बेसमेंटमध्ये माझ्याआधीपासून एक मोटर राहत होती. पलंगाच्या पायथ्याशी लाकडी घोडीवर, जुन्या चादरीखाली, घरातलं कोणी रुसून भिंतीकडे तोंड करून बसावं तशी. खोली दाखवताना काका म्हणाले, "हीटर हा, खिडकी ही, आणि ही मोटर. हिला हात लावायचा नाही. बाकी घर तुझं."

मी विचारलं, मोटर कशाची? म्हणाले, बोटीची. बोट कुठे आहे? म्हणाले, नाही.

जानेवारी होता, मी अमरावतीहून दोन बॅगा घेऊन आले होते, आणि याआधी पाहिलेल्या दोन्ही खोल्यांत मला पूर्ण नाव विचारून झालं होतं. म्हणजे आडनाव. काकांनी विचारलं नाही. त्यांच्या दिवाणखान्यात बाबासाहेबांचा फोटो होता, मला पाहिल्याबरोबर त्यांनी "जय भीम" केला आणि थेट हीटरवर आले. घरमालक या वर्गाबद्दलची माझी मतं मात्र बाबांच्या पत्रकांतून आलेली होती आणि ती चांगली नव्हती. माझे बाबा शाळेत क्लार्क. आयुष्यभर त्यांनी पत्रकं लिहिली, छापली, चौकात वाटली. घड्या घालायचं काम माझं. वाचायला शिकले तीही त्याच कागदांवर. त्यामुळे मोटर आत ठेवून भाड्याने दिलेल्या खोलीबद्दल पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात अर्धं पत्रक तयार झालं होतं.

काका वर गेल्यावर मी चादर उचलून पाहिली. निळा रंग उडालेली, कमरेएवढी मोटर. पुढच्या बाजूला वर-खाली होणारा एक छोटा खटका, आणि त्याच्या वरच्या टोकाशी पिवळी पडलेली टेपची पट्टी. तिच्यावर ठसठशीत अक्षरात एकच शब्द: बंद.

मला वाटलं, मोटर बंद आहे एवढंच कळवलंय. दुसरं काही वाटायचं कारण नव्हतं, कारण त्या घरात प्रत्येक वस्तूवर पट्टी होती.

काका नागपूरचे. आयटीआयचे फिटर. इथल्या गाड्यांच्या कारखान्यात पंचवीसेक वर्षं यंत्रं सांभाळून निवृत्त झालेले. कारखान्यात यंत्रावर सूचना लावायची सवय लागली, ती घरी आणली. एका पट्टीवर एक शब्द, हा नियम. टेप वाया घालवायचा नाही. बाहेरच्या दारावर "टोपी". शेगडीच्या वर "खात्री". बर्फाच्या फावड्याच्या दांड्यावर "कंबर", म्हणजे कंबर सांभाळून शोव्हल कर. फ्रिजवर काकूंसाठी कधीकाळी लावलेलं "दार" होतं आणि त्याखाली काकूंनी त्यांच्याच टेपवर लिहिलं होतं: "कळलं".

मार्चमध्ये माझे दिवस वाईट चालले होते. दिवसा कॉलेज, संध्याकाळी ग्रोसरी स्टोअरमध्ये काम, आणि दहा-बारा दिवस मी घरी फोनच केला नव्हता. फोन केला असता तर रडले असते. एकदा कामावरून आले तर माझ्या टेबलावरच्या दिव्याला पट्टी होती. "आई". वर काकांना विचारायला गेले की माझ्या खोलीत कोण आलं होतं, तर ते म्हणाले, "मी. बल्ब बदलायला." बल्ब बदललेला नव्हता. मी खाली आले, फोन केला आणि रडले. भाडेकरूच्या खोलीत न विचारता शिरणं चूक आहे, हे मी दुसऱ्या दिवशी त्यांना सुनावलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या दाराला बाहेरून पट्टी लावली: "विचारा". ती त्यांनी मी तिथे असेपर्यंत पाळली.

त्यांची दुसरी खोड हात धुण्याची. कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी ते साबणाने, कोपरापर्यंत, डॉक्टरसारखे हात धुवायचे. नंतर नाही, आधी. "नंतर तर कोणीही धुते," म्हणायचे. "आपली घाण त्याला कशाला द्यायची?" जुगाड हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. कोणी कौतुकाने म्हणालं की आपली माणसं कशी जुगाड करून चालवतात, तर काका म्हणायचे, ज्याला नीट औजार मिळू दिलं नाही त्याच्या लाचारीला तुम्ही कला म्हणून राहिले. हे वाक्य मी इथल्या आंबेडकरी मंडळासाठी लिहिलेल्या एका पत्रकात त्यांना न विचारता वापरलं. पकडली गेले, कारण माझं प्रत्येक पत्रक ते वाचायचे.

वाचायचे पेन्सिल घेऊन. आमच्या मंडळाच्या सभांमध्ये कुठलाही ठराव मंजूर झाला की काका मागच्या रांगेतून हात वर करून एकच प्रश्न विचारायचे, "हे कोणी करायचं?" त्यामुळे ते हात वर करताना दिसले की अध्यक्ष चहाची घोषणा करायचे. माझ्या पत्रकांच्या समासातही तेच. मी लिहिलं होतं, "जातीयता समूळ नष्ट झाली पाहिजे." समोर पेन्सिलीने: "कोणी? कधी? कोणत्या पान्याने?" मी चिडले. बाबांची पत्रकं अशाच वाक्यांनी भरलेली असायची आणि त्या वाक्यांवर मी मोठी झाले होते. काका म्हणाले, "वाक्य चांगलं आहे न. पण हे वाचून मी उठून नेमकं काय करू, ते सांग. टाळ्या वाजवू?"

मला ते म्हणायचे पत्रकवाली.

मोटरीची गोष्ट मला काकूंनी सांगितली, कणीक मळता मळता, दोन्ही पात्रांचे आवाज काढून.

काकांचा एक मित्र होता. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. दोघं कॅनडात एकाच हिवाळ्यात आले, एकाच इमारतीत राहिले, एकाच गाडीतून कामं शोधत फिरले. काका त्याला पुणेकर म्हणायचे आणि तो काकांना फिटर. पुढे पुणेकरांनी उत्तरेकडे एका तळ्याकाठी कॉटेज घेतलं. मग दोघांनी मिळून एक जुनी बोट आणि ही मोटर घेतली. मोटरीवरची मूळ अक्षरं झिजलेली होती, म्हणून काकांनी पट्टी लावली. सहा उन्हाळे दोघं मासे धरायला गेले.

सहाव्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मोटर तळ्याच्या मध्यावर बंद पडली. एरवी मोटर काकाच सुरू करायचे, त्या दिवशी चालवत होते पुणेकर. काका पुढे, पाठ करून गळ सांभाळत बसलेले. पुणेकरांनी दोरी ओढ ओढ ओढली, मोटर काही दाद देईना. वल्हं एकच, वारा उलटा. धक्क्याला लागायला तीन तास गेले आणि ते तीन तास काकू त्या धक्क्यावर उभ्या होत्या. "मी पांढरी पडली होती," काकू म्हणाल्या. "आणि हे दोघं उतरले ते भांडतच."

थंड इंजिन सुरू करताना चोक लावावा लागतो. गरम इंजिनाला तो लागत नाही. लावलेला राहिला तर इंजिन पेट्रोलने गुदमरतं. धक्क्याला लागल्यावर काकांनी वाकून खटका पाहिला आणि म्हणाले, "चोक बंद होता!" पुणेकर म्हणाले, "अरे, मग? बंदच होता!" काका म्हणाले, मग कबूल कर. पुणेकर म्हणाले, काय कबूल करू, होता बंद! दोघं एकच वाक्य एकमेकांच्या अंगावर फेकत होते, काकू सांगत होत्या, आणि आपण आणि पुणेकरांची बायको थर्मास घेऊन पाहून राहिलो. शेवटी काकांनी मोटर काढली, गाडीत टाकली आणि म्हणाले, "मोटरीत काहीच खराबी नाही. ही चालवत तुझ्या धक्क्याला येईन, तेव्हाच बोलीन." बोट तिथेच राहिली आणि पुढे कोणाला तरी देऊन टाकली गेली. या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती.

काकांची बाजू एका वाक्याची होती. ते वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल: "त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, चोक बंद होता. कबुली दिली, माफी नाही मागितली."

मला अर्थातच यामागचं खरं कारण दिसत होतं. पुणेकरांचं आडनाव मला काकूंकडून कळलं होतं. मी काकांना म्हटलं, तुम्ही मानत नसाल, पण हे चोकाचं भांडण नाही. तो माणूस फिटरसमोर चूक मान्य करू शकत नाही, कारण तो कोण आणि तुम्ही कोण. मी बरंच बोलले. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "जातीवरून आमची चार भांडणं झाली, पत्रकवाली. चारही मी जिंकलो. एकदा तर त्याने आपल्या वडिलांना फोन लावून माझ्यासमोर सुनावलं. हे ते नाही. जे ते नाही, त्याला ते म्हटलं, तर जेव्हा ते असते तेव्हा कोण ऐकेल तुझं?"

 मला हे अजूनही पूर्ण पटलेलं नाही, पण कुठलाही आरोप लिहिण्याआधी ते वाक्य समोर येऊन उभं राहतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काकू खाली आल्या आणि दार लावून घेतलं. पुणेकरांच्या बायकोशी त्या अकरा वर्षं फोनवर बोलत होत्या, हे काकांना माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्यांनी ते पोटात ठेवलं होतं. बातमी अशी होती की पुणेकरांना बायपास झाली, कॉटेज विकलं गेलं, आणि महिनाअखेरीस दोघं मॉन्ट्रियलजवळ ब्रॉसार्डला मुलीकडे कायमचे राहायला जाणार. तिथे धक्का नव्हता. तळंही नव्हतं.

काकूंनी ही बातमी संध्याकाळी जेवताना सांगितली, पोळी वाढल्यासारखी. काका जेवले. ताट घासलं. मग हात धुवायला लागले, कोपरापर्यंत, आणि मी ओळखलं.

खाली येऊन त्यांनी माझ्या दारावर टकटक केली. "विचारून राहिलो," म्हणाले. "येऊ का?"

तोवर मला कळलं नव्हतं की अकरा वर्षं त्यांनी ती मोटर का उघडली नाही. त्या दिवशी कळलं. त्यांनी चादर काढली, पेचकस हातात घेतला आणि पेचकसाचं टोक स्क्रूच्या खाचेत बसेना. हात थरथरत होते. चहाचा कप धरताना मी ते पाहिलं होतं, पण कप दोन्ही हातांनी धरता येतो. पेचकस खाली ठेवून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझे हात धुतलेले आहेत का?"

तीन आठवडे माझे हात आणि त्यांचं डोकं अशी ती मोटर आम्ही ड्राइव्हवेवर उघडली. स्पार्क प्लग गंजून बसलेले. मी पान्यावर जोर लावायला गेले तर काकांनी थांबवलं, तेल सोडलं आणि वर पट्टी लावली: "वाट". चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी प्लग बरणीच्या झाकणासारखा फिरला. पेट्रोलची नळी हातात चुरली. मोटरीला गार ठेवणारं पाणी खेचायला आत रबराची एक चकती असते, तिची पाती एका बाजूला वाकून तशीच मेली होती, ती नवीन आणली. कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. त्यातलं भोक साफ करायला मी तार घेतली, तर काकांनी ती हातातून काढून घेतली. "तार घातली की भोक मोठं होते. मग ते त्याचं भोक राहत नाही, तुझं होते." ते भोक मी डिंक विरघळवणाऱ्या औषधात भिजवून आणि हवा मारून दोन संध्याकाळी साफ केलं. इतक्या लहान जागेसाठी मी आयुष्यात कधी इतकी शांत बसले नव्हते.

बोलताना ते इंजिनाबद्दल जे सांगायचे ते कधीच नुसतं इंजिनाबद्दल नाही, असं मला वाटायचं. एकदा विचारलंही. ते म्हणाले, "नाही न. इंजिनाबद्दलच."

महिना संपायला सहा दिवस उरले असताना आम्ही मोटर एका मोठ्या पिंपात पाणी भरून त्यात उभी केली. खटका काकांनी लावला, दोरी मी ओढली. सोळाव्या की सतराव्या ओढीला मोटर खोकली, निळा धूर सोडला आणि चालू झाली. काकांनी लगेच खटका खाली केला, मागून पाण्याची धार उडायला लागली. त्या धारेत त्यांनी बोट धरलं आणि तसेच उभे राहिले. काकू दारात आल्या.  आवाजच इतका होता.

दहा मिनिटांनी काका वॉशरूमला गेले आणि मोटर माझ्या ताब्यात दिली. त्याच वेळी ती थांबली. मी दोरी ओढली. नाही झाली. मी घाबरले नाही, कारण बाबांची स्कूटर मी चालवलेली होती. थंडीत चोक द्यायचा, सुरू झाली की बंद करायचा. इंजिन गरम आहे, तेव्हा चोक बंद हवा. मी पाहिलं, खटका पट्टीपासून लांब, खालच्या टोकाला होता. मी तो वर केला, "बंद" या शब्दासमोर आणला आणि दोरी ओढायला लागले. ओढत राहिले. पेट्रोलचा वास सुटला.

काका आले. "काय झालं?"

"थांबली. सुरू होत नाही."

"चोक?"

"चोक बंद आहे, काका."

"बंद आहे?" त्यांचा आवाज चढला. "गरम इंजिनावर चोक बंद करून ठेवला तू?"

"मग काय चालू ठेवू?"

 त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खटक्याकडे, मग पट्टीकडे.

"परत म्हण," ते म्हणाले.

"चोक बंद आहे."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. दिवा बंद करतो तसा. ऑफ."

काका पालथ्या बादलीवर बसले.  मग हळूहळू, स्वतःलाच समजावत असल्यासारखे बोलले की चोक म्हणजे एक झडप असते. हवेच्या वाटेवरची. झडप बंद केली की हवा अडते, म्हणजे चोक लागतो. फिटर माणूस झडप पाहतो. त्याने पट्टी लावली ती झडपेची: इथे झडप बंद. बाकी सगळं जग चोक पाहते, दिव्यासारखा, पंख्यासारखा. त्याला बंद म्हणजे लागलेला नाही.

अकरा वर्षांपूर्वी तळ्याच्या मध्यावर पुणेकरांनी, गरम इंजिनावर, अगदी बरोबर विचार करून, खटका "बंद" या शब्दासमोर आणला होता. जसा मी आणला. आणि धक्क्यावर दोघं जे वाक्य एकमेकांवर फेकत होते, ते एकाचं आरोपाचं होतं आणि दुसऱ्याचं बचावाचं, आणि अक्षर न् अक्षर सारखं होतं.

"मीच लिहिलं ते," काका म्हणाले. "माझंच अक्षर आहे."

दोन दिवस त्यांनी मोटरीला हात लावला नाही. मोटर चालत होती, बोट एका जुन्या सहकाऱ्याने द्यायची कबूल केली होती, आणि ते घरभर फिरून पट्ट्या वाचत होते. शेगडीसमोर उभे राहून काकूंना विचारलं, "खात्री म्हणजे काय समजते तुला?" काकू म्हणाल्या, "गॅस बंद आहे याची." बंद हा शब्द ऐकून ते दुसऱ्या खोलीत निघून गेले.

मी समजत होते. ते जाणार होते ते मित्राला चूक ठरवायला. अकरा वर्षं जपून ठेवलेला पुरावा हातात आला आणि त्याच्यावर त्यांचंच अक्षर निघालं. आता जायचं म्हणजे तीन तास गाडी हाकून स्वतःची चूक पोचवायला जायचं. जेवताना मी म्हटलं, काका, निदान फोन तरी केला पाहिजे. ते म्हणाले, हो, केला पाहिजे. काकू म्हणाल्या, जायला पाहिजे खरं तर. ते म्हणाले, हो न, पाहिजे. तिघं मिळून आम्ही एक ठरावच मंजूर केला.

मग मला राग आला. ज्या माणसाने माझं एकही "पाहिजे" सोडलं नव्हतं तो माणूस पाहिजे-पाहिजे करत भात कालवत होता, आणि महिना संपायला चार दिवस होते. मी त्यांचा टेप घेतला, एका पट्टीवर एक शब्द हा नियम पाळला आणि ड्राइव्हवेवर जाऊन मोटरीच्या डोक्यावर, बरोबर मधोमध, पट्टी लावली.

सकाळी काका चहा घेऊन बाहेर गेले. मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी वाचलं: "कोणी?"

कप खाली ठेवून ते आत आले आणि हात धुवायला लागले.

तळ्याच्या या बाजूला सार्वजनिक उतार आहे, तिथून बोट पाण्यात सोडतात. कॉटेज समोरच्या काठाला. काकू गाडीने रस्त्याने गेल्या. त्या पुढे जाऊन पुणेकरांना काही सांगणार नाहीत, असं त्यांनी काकांना वचन दिलं आणि आदल्याच दिवशी फोन केलेला होता. बोटीत आम्ही दोघं. मोटर दुसऱ्या ओढीला सुरू झाली. हँडल काकांच्या हातात होतं आणि हँडल इतकं थरथरत होतं की हात थरथरतोय हे कळतच नव्हतं.

तळ्याच्या मध्यावर मोटर थांबली.

 वल्हं एकच होतं. मी मागे पाहिलं तर काका आरामात बसले होते. "बंद पडली नाही," ते म्हणाले. "बंद केली. इथेच होती ती जागा." पाण्याचा आवाज येत होता. दूर धक्क्यावर कोणीतरी टोपी घातलेलं उभं दिसत होतं. काका म्हणाले, "तीन तास वल्हवत होता तो. मला वल्हं देत नव्हता. म्हणे, तुझ्या पाठीचं ऑपरेशन झालं आहे, तू बस." थोड्या वेळाने म्हणाले, "हे मी इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नाही."

मग त्यांनी खटका तसाच खाली ठेवला आणि मला दोरी ओढायला सांगितली. मोटर पहिल्या ओढीला सुरू झाली.

धक्क्यावरचा माणूस माझ्या कल्पनेपेक्षा खूप बारीक होता. शर्टाच्या गळ्यातून ऑपरेशनची खूण दिसत होती. त्यांच्या मागे दोघी बायका, एकीच्या हातात थर्मास. काकांनी बोट धक्क्यापासून हातभर अंतरावर थांबवली. कोणी नमस्कार केला नाही. काकांनी मोटरीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "वाच."

पुणेकर गुडघ्यावर हात ठेवून वाकले. "बंद."

"म्हणजे?"

"म्हणजे बंद. काय परीक्षा घेतोस? ऑफ."

"मी झडप बंद लिहिलं होतं. तू चोक बंद वाचलं."

पुणेकर वाकलेलेच राहिले. सॉफ्टवेअरचा माणूस, त्याला वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा मी पाहत होते, तिथे जे काही आलं तो राग नव्हता, हसूही नव्हतं. ते मोठ्याने म्हणाले, "अरे, मग एक शब्द जास्त लिहायला काय झालं होतं तुला?"

"टेप वाया गेला असता."

तेव्हा काकू हसल्या, आधी काकूच, आणि मग धक्क्यावर सगळ्यांनाच ते लागलं. काका हसत नव्हते. बोटीत बसल्या बसल्या, हँडल न सोडता, ते म्हणाले, "कबुली आणली आहे. माफीपण आणली आहे. दोन्ही घे."

पुणेकरांनी टोपी काढून डोळे पुसले आणि परत घातली. "घेतो रे, फिटर," ते म्हणाले. "आधी दोरी फेक."

त्या दुपारी रिकाम्या होत चाललेल्या कॉटेजमध्ये खोक्यांवर बसून आम्ही पोहे खाल्ले आणि ते दोघं संध्याकाळपर्यंत भांडले. सहा उन्हाळ्यांत कोणी किती मासे धरले, यावरून.

माझी खोली मोकळी झाली. मोटर काकांनी बोट देणाऱ्या सहकाऱ्याला देऊन टाकली, पण आधी तिच्यावरची जुनी पट्टी काढून नवीन लावली, आणि नियम मोडून तिच्यावर दोन शब्द लिहिले. जुनी पट्टी मी मागून घेतली. आता मी कॅनडातल्याच लंडनला राहते, हॉस्पिटलच्या ऑफिसात काम करते, आणि ती पट्टी माझ्या टेबलावरच्या दिव्याला आहे, "आई"च्या खाली. काकांनी मला कधी काही शिकवायला घेतलं नाही. तरी आज काही लिहिताना मी स्वतःला विचारते की तळ्याच्या मध्यावर अडकलेल्या, ओल्या हातांच्या माणसाने हे वाचलं तर तो कोणता खटका कुठे करेल? बाबांनी मला लिहायचं का ते दिलं. वाचणारा दुसरा माणूस असतो, हे मला काकांनी दिलं, आणि ते कळायला तीन आठवडे त्यांच्या शेजारी बसायला मिळालं, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. हे त्यांना सांगितलं तर ते विचारतील, आभारी म्हणजे नेमकं काय करणार?

पत्रकं मी अजून लिहिते. छापण्याआधी त्यांना पाठवते, आणि ती पोस्टाने परत येतात, अक्षर आणखी थरथरतं झालेलं. गेल्या महिन्यातलं भाड्याच्या खोल्यांबद्दल होतं, पूर्ण नाव विचारणाऱ्यांबद्दल. या वेळी समासात एकही "कोणी?" नव्हतं. मी खूश झाले. मग शेवटच्या ओळीवर आले. मी लिहिलं होतं, "आपल्यासाठी ही दारं बंद आहेत." त्यातल्या एका शब्दाभोवती पेन्सिलीचं वेडंवाकडं वर्तुळ होतं आणि पुढे लिहिलं होतं: "कोणत्या बाजूने?"

ती ओळ मी पुन्हा लिहिली. त्यातल्या 'बंद'ला आता दोन पट्ट्या लागतात.